एकोणीस तारखेची सीट

२ तारीख, सोमवार

परतीचं तिकीट! साडेतीन महिन्यांनी मला आज कळतंय की परतीचं तिकीट आहे!

सकाळी डबा भरत होते, तर अण्णा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. हातात चार घड्या घातलेला कागद. म्हणाले, "तुमच्या दुकानात छापायचं मशीन आहे ना, त्यावरून एवढं जरा मोठ्या अक्षरात काढून आण. बारीक दिसत नाही अजून." मी कागद उघडला. वर येतानाचं विमान. ते मला माहीत होतं, आणायला मीच गेले होते. खाली जातानाचं! एकोणीस तारीख, गुरुवार, सकाळी अकरा दहा. सीट अकरा अ.

"हे काय?"

"परतीचं," अण्णा म्हणाले. मी वेडी असल्यासारखं. "डोळे झाले की जायचंच आहे ना."

जायचंच आहे ना! आणि माझ्या भावाने, आमच्या धाकट्या साहेबांनी, फोनवर मला काय सांगितलं होतं? "ताई, अण्णा आता कायमचे तुझ्याकडे यायला तयार झालेत. मोतीबिंदूचं ऑपरेशनही तिकडेच होईल, तू चष्म्याच्या दुकानात आहेस, तुझ्या ओळखी आहेत." कायमचे. तयार. दोन्ही शब्द त्याचे, मी आत्ताही कानात ऐकतेय. मी मागची खोली रिकामी केली. शिलाई मशीन विकलं. कपाट मोकळं करून त्यात कागद अंथरले. आणि हा माणूस इथे परतीचं तिकीट खिशात घालून पाहुणा म्हणून बसलाय!

दुकानात गेल्या गेल्या धाकट्याला फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये. बरोबर, मी फोन केला की साहेब नेहमी मीटिंगमध्येच असतात.

संध्याकाळी — लागला एकदाचा. हा काय प्रकार म्हणून विचारलं तर हसला! "अगं ते होय? येण्याजाण्याचं दोन्ही मिळून नुसत्या येण्यापेक्षा स्वस्त पडत होतं. सेल होता. ते वापरायचं नाहीये."

"हे अण्णांना सांगितलंस?"

मग घसा खाकरणं. "म्हणजे… तसं थेट नाही. ते निघायलाच तयार नव्हते ना. म्हटलं, हे बघा परतीचंही आहे, तेव्हा कुठे बॅग भरली. तू सांग ना हळूहळू. तुझं ऐकतात ते."

माझं ऐकतात! पन्नाशी उलटली माझी, अजून मी रस्ता ओलांडताना हात धरतात! तिथे त्यांना सांगितलं परत यायचंय, इथे मला सांगितलं कायमचे येतायत. दोन घरांना दोन गोष्टी सांगून स्वतः मोकळा, आणि खरं सांगायचं काम माझ्या गळ्यात. वर आणखी शहाणपणा: "तिकीट रद्दच करून टाक हवं तर. म्हणजे त्यांच्या डोक्यातून जाईल."

३ तारीख, मंगळवार

रद्द करून टाक म्हणे. कधी केलंय का यांनी?

आज दुकानाला सुट्टी, म्हणून सकाळीच विमान कंपनीच्या साइटवर गेले. तिथे माणूस नाही. एक चौकट आहे. चौकट म्हणते, "नमस्कार, मी तुमची प्रवासमैत्रीण!" मी लिहिलं, परतीचं तिकीट रद्द केलं तर किती परत मिळतील? मैत्रिणीने दोन मिनिटं विचार केला. रद्द करायचं शुल्क भाड्यापेक्षा जास्त, म्हणून मिळणारी रक्कम शून्य. नुसतं शून्य नाही — शून्य पूर्णांक शून्य शून्य! हिशोबाला किती पक्के बघा. म्हणजे मी यांची सीट यांना परत द्यायची, ती हे दुसऱ्याला दामदुपटीने विकणार, आणि माझ्या हातावर दोन दशांशांपर्यंत भोपळा!

मी लिहिलं, मग रद्द न करता नुसतं गेलोच नाही तर? "तेही चालेल! आपला प्रवास सुखाचा होवो!" कुठला प्रवास, बये? गेलोच नाही म्हटलं ना!

शिवाय रद्द करायचं झालं तरी ओटीपी ज्याने तिकीट काढलं त्याच्या फोनवर जाणार. म्हणजे पुन्हा साहेबांचे पाय धरा.

४ तारीख, बुधवार

रागाच्या भरात एका गिऱ्हाइकाची काच उलट्या कोनात घासली. फेकून द्यावी लागली. मालक काही बोलले नाहीत, नुसते चष्म्याच्या वरून बघत राहिले. बोलले असते तर बरं झालं असतं.

५ तारीख, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत अण्णा दुकानात हजर! छापलेला कागद न्यायला. मी विसरले असेन म्हणाले. विसरले नव्हते, लपवला होता — माझ्या टेबलाच्या खणात, नाकाच्या पॅडच्या डबीखाली. आमची काउंटरवाली एक नंबरची आगाऊ. "तो कागद ना काका, ताईंच्या खणात आहे," म्हणाली आणि काढून दिलासुद्धा.

मी तिरका विषय काढला. "अण्णा, समजा नाहीच गेलात तर? तिकीट काही फार महागाचं नाहीये."

"स्वस्त-महागाचा काय संबंध?" झालं! चौतीस वर्षांची कंडक्टरकी जागी झाली. "तिकीट फाडलं की सीट त्याची. मग तो साहेब असो नाहीतर हमाल. आणि जायचं नसेल तर उठायचं, दुसऱ्याला बसू द्यायचं. सीटवर रुमाल टाकून चहाला जाणारे मी शेकड्याने उठवलेत." मालक, काउंटरवाली, फ्रेम बघायला आलेले एक गृहस्थ — सगळे ऐकत उभे. त्या गृहस्थांनी तर मान डोलावली.

म्हणून मी सेलची गोष्ट सांगितली. दोन्ही बाजूंचं स्वस्त, एका बाजूचं महाग. अण्णांचा विश्वासच बसेना. "अर्ध्या रस्त्याला जास्त आणि पुऱ्या रस्त्याला कमी? आम्ही असं केलं असतं तर चेकरने भर रस्त्यात खाली उतरवलं असतं!" मग म्हणाले, "म्हणजे परतीचं फुकटच पडलं म्हण की."

मी हो म्हटलं. माझी जीभ झडो! तेव्हाच पुढचं सांगायला हवं होतं — म्हणूनच काढलं अण्णा, तुम्ही परत यावं म्हणून नाही. पण त्या गृहस्थांसमोर कसं सांगणार?

७ तारीख, शनिवार

भावजयीचा फोन. ती मला स्वतःहून कधी फोन करत नाही, म्हणून आधी धस्स झालं.

हळू आवाजात बोलत होती. "ताई, राहवलं नाही म्हणून करतेय. अण्णांची खोली आता ह्यांचं ऑफिस झालंय. टेबल आलं, फिरती खुर्ची आली, भिंतीला रंग दिला. खाट खाली वॉचमनला देऊन टाकली. मी नको म्हणत होते हो. पण माझं कोण ऐकतं?" मी विचारलं, अण्णांना कळलंय का हे? "ह्यांनी सांगितलं असेलच ना," म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "नसेल सांगितलं."

रंगसुद्धा दिला! बाप विमानात बसतो न बसतो तोवर भिंतीला रंग! तळपायाची आग मस्तकात गेली. फोन ठेवल्यावर पाहिलं तर अण्णा गॅलरीत बसून माझ्या कुंडीतली सुकलेली पानं खुडत होते. नवा चष्मा अजून यायचा होता, अंदाजाने खुडत होते.

८ तारीख, रविवार

सांगितलं नाही. आजही नाही.

१० तारीख, मंगळवार

दुकान बंद. अण्णा खाली फिरायला गेले तेव्हा त्यांचं कपाट उघडून पाहिलं. मी अंथरलेले कागद कोरेच्या कोरे! एक सुरकुती नाही. साडेतीन महिने हा माणूस बॅगेतून राहतोय. सदरे बॅगेत, औषधं बॅगेत. दात घासून झाले की ब्रशसुद्धा पुसून पुन्हा बॅगेत!

राग आला. येणारच. काय कमी केलं मी? दोन डोळ्यांची दोन ऑपरेशनं. दिवसातून चार वेळा थेंब कोणी घातले? बिनपगारी सुट्ट्या कोणी घेतल्या? टीव्हीचा आवाज एवढा मोठा की शेजारीण दार वाजवायची, तिच्याशी भांडलं कोण? आणि त्यांना साधा सदरा माझ्या कपाटात टांगवत नाही!

ठरवलं, आजच सांगून टाकायचं. चारला गॅलरीत गेले तर अण्णा फोनवर. चारला रोज त्यांचा ड्रायव्हरकाकांशी फोन असतो. दोघं एकाच गाडीवर बावीस वर्षं होते — काकांच्या हातात चाक, ह्यांच्या हातात घंटीची दोरी. बायका गेल्या, नोकऱ्या संपल्या, बडबड काही संपली नाही. "हो रे, एकोणीसलाच. दुपारपर्यंत येतो," अण्णा म्हणत होते. मला पाहून आवाज खाली. फोन ठेवला तेव्हा चेहरा नुसता खुललेला. काय गं, म्हणाले. मी म्हटलं, चहा घेणार का.

भित्री! दुसरं काय म्हणू स्वतःला?

१२ तारीख, गुरुवार

साहेबांचा आपणहून फोन.

"ताई, सांगितलंस का?"

"तू सांग."

"अगं, मी सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल."

आणि मी सांगितलं तर? तर काय आनंदाने टाळ्या पिटतील? "तसं नाही गं, तू मोठी आहेस." हो ना! मी मोठी फक्त अशा वेळी असते. आईच्या आजारपणात डॉक्टर ठरवायची वेळ आली तेव्हा मी 'तुला काय कळतंय' होते. घर घेताना मी 'तुला कशाला त्रास' होते. अप्रिय काही करायचं निघालं की लगेच मोठी!

"बरं, मग रद्द करायचं का तिकीट? मी ओटीपी देतो."

"रद्द केलं म्हणजे सांगितलं होतं का रे? एकोणीस तारखेला काय सांगू त्यांना — विमान हरवलं?"

फोन आदळला. म्हणजे बोटाने दाबला. हल्ली मेले फोन आदळताही येत नाहीत.

१४ तारीख, शनिवार

सगळं लिहून काढते.

सकाळी डॉक्टरांनी अण्णांचा शेवटचा नंबर दिला. काचा मीच घासल्या, फ्रेममध्ये मीच बसवल्या, मालकांनी मजुरी घेतली नाही. अण्णांनी चष्मा लावून आरशात पाहिलं. "अरेच्चा, म्हातारा झालो की!" सगळे हसले. नाकावर घट्ट बसतोय म्हणाले, पॅड वाकवून दिले. इथवर सगळं गोड.

घरी आल्यावर त्या चष्म्याने पहिलं काय वाचलं असेल? तिकीट! मी छापलेलं मोठ्या अक्षरांतलं नाही, मूळचं, बारीक अक्षरांतलं. एकेक ओळ बोट ठेवून. "सामान पंधरा किलो. बॅगेचं वजन करायला हवं. तुमच्या दुकानात काटा आहे का गं?"

आणि माझं डोकं फिरलं. "कशाला वजन करताय? कुठे जाणार आहात? तिथे खोली नाहीये अण्णा! त्याने ऑफिस केलंय तिचं, रंग दिलाय! तुमची खाट वॉचमनला दिली! हे तिकीट स्वस्त होतं म्हणून काढलंय, तुम्ही परत यावं म्हणून नाही!" सगळं एका दमात. दोन आठवडे हळूहळू सांगायचं म्हणत होते ते असं बदाबदा ओतलं. शेजारणीने ऐकलं असणार.

अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला.

"माहीत आहे," म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"खाटेचं. मी होतो तेव्हाच नेली. निघायच्या आदल्या दिवशी. वॉचमन एकटा होता, जिना अरुंद. एक बाजू मी धरली."

एक बाजू मी धरली!

मी पुन्हा ओरडले. मग हे परत जायचं, परत जायचं काय चालवलंय? तेव्हा पहिल्यांदा अण्णांचा आवाज चढला. "त्याने मला विचारलं का, अण्णा जाता का? नाही. सांगितलं. तू विचारलंस का, अण्णा राहता का? 'ही तुमची खोली, हे तुमचं कपाट' म्हणालीस. खोली चांगली आहे. पण विचारलं कोणी? तुम्ही दोघांनी फोनवर ठरवलंत. मी काय पार्सल आहे?" मग कागदावर बोट ठेवलं. "ही एक सीट माझ्या नावावर आहे. तिथून मला कोणी ऊठ म्हणणार नाही."

आत गेले, दार लोटून घेतलं. आपटलं नाही, लोटलं. आपटायला हवं होतं त्यांनी.

१५ तारीख, रविवार

अबोला. चहासुद्धा दोघांनी आपापला केला.

१६ तारीख, सोमवार

दिवसभर काचा घासता घासता मनात भांडत होते. मी विचारलं नाही? मी? जिने मशीन विकलं, थेंब घातले, सुट्ट्या घेतल्या? आणि विचारायचं काय त्यात? बापाला घरात राहा म्हणून कोणी विचारतं का? अर्ज मागवायचा का?

नाही विचारलं. खरंच नाही विचारलं. धाकटा म्हणाला 'तयार झालेत' आणि मी मानलं. तेव्हा एक फोन अण्णांना केला असता तर सगळं तिथेच कळलं असतं. केला नाही, कारण मानणं सोयीचं होतं. मलाही घरात कोणीतरी हवं होतं, आणि मागून घेण्यापेक्षा गळ्यात पडलं म्हणणं सोपं. हे लिहितानाही राग येतोय, फक्त आता तो कोणावर ते सांगता येत नाही.

संध्याकाळी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "राहायचंय का जायचंय, एकदा काय ते सांगा!"

अण्णा म्हणाले, "हे विचारणं झालं की दमदाटी?"

बाहेर आले. पाणी प्यायले. पुन्हा आत गेले. "अण्णा, तुम्ही इथे राहाल का? मला आवडेल." शेवटचं वाक्य बोलताना आवाज चिरकला मेला.

अण्णांनी नव्या चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "नाही गं. जाईन मी. पण विचारलंस, बरं वाटलं."

नाही! विचारल्यावर माणूस 'नाही'सुद्धा म्हणू शकतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तिथे जाऊन झोपणार कुठे, म्हटलं. "बघतो मी," म्हणाले. काय बघतात? काय बघणार आहे ऐंशीच्या घरात आलेला माणूस फिरत्या खुर्चीवर बसून?

१७ तारीख, मंगळवार

रद्द करायची मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत होती. हे मला नाही, साहेबांना पाठ होतं. पावणेसहाला त्याचाच फोन, आवाजात नुसती धांदल. "ताई, ते खरंच आले तर झोपवू कुठे? सोफ्यावर? येणारेजाणारे काय म्हणतील? रद्द कर तू. तुझ्या फोनवरून कर, मी आकडे पाठवतो. नंतर सांगू की कंपनीनेच विमान रद्द केलं. होतं तसं पुष्कळदा."

आणि मी हो म्हणाले.

जसं घडलं तसं लिहितेय. मी हो म्हणाले. मला तरी ते कुठे जायला हवे होते? दिवसा चादरीची घडी घालून कोपऱ्यात बसायला? सुनेला अवघडल्यासारखं, मुलाला अडचण, आणि माझ्याकडे मात्र रिकामी खोली! त्यांच्याच भल्याचं आहे, म्हटलं. त्यांना कळणारही नाही. दोन दिवस चिडतील, मग सदरे कपाटात येतील.

मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात बसले. 'आपल्याला खात्री आहे का?' — हो. 'रद्द केलेलं तिकीट पुन्हा मिळणार नाही' — हो, हो, कळलं. मग सहा रिकामे चौकोन. धाकट्याने आकडे पाठवले. दहा मिनिटांत भरा. आत अण्णा सदऱ्यांना इस्त्री करत होते. इस्त्री गरम झाली का बघायला पाण्याचा थेंब टाकतात, त्याचा चुर्र आवाज येत होता. मी पाच आकडे भरले.

सहावा भरेना. बोट तिथेच. जिन्यातली ती खाट डोळ्यांपुढून हलेना — आणि आत्ता तिची दुसरी बाजू माझ्या हातात होती.

मोबाइल टेबलावर पालथा घातला. दहा मिनिटं घड्याळाकडे बघत बसले. मग सुलटा करून पाहिलं, सहा वाजून गेले होते, मुदत संपली होती. धाकट्याचे त्यानंतर अकरा फोन आले. एकही घेतला नाही. बोंबलू दे!

१८ तारीख, बुधवार

बॅग दुकानातल्या पार्सलच्या काट्यावर ठेवली. साडेनऊ किलो. येतानाही एवढंच होतं म्हणाले, फक्त चष्मा वाढला. काउंटरवालीने मखमली कापड दिलं काचा पुसायला. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला नुसतं म्हणाले, उद्या रजा घेऊ नकोस, मी जाईन एकटा. घेतली मी. सगळं ह्यांचं ऐकायचं का?

१९ तारीख, गुरुवार

दुपारचा एक. घरी येऊन लिहितेय.

टॅक्सी नको म्हणाले, बसनेच गेलो. बसला कंडक्टर नाही, ड्रायव्हरच तिकिटं देणार! अण्णा शेवटच्या स्टॉपपर्यंत हळहळत होते. "मागच्या दाराने कोण चढलं, कोण उतरलं, ह्याला काय दिसणार?" मी हूं हूं करत होते. बोलायला गेले असते तर भांडण तरी केलं असतं किंवा रडले तरी असते, आणि बसमध्ये दोन्ही बरं दिसत नाही.

विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, पुढची सीट रिकामी आहे, पाय मोकळे राहतील. देऊ का बदलून?" "नको," अण्णा म्हणाले. "माझी अकरा अ आहे." तिने तीच दिली. आतल्या दारापाशी त्यांनी पहारेकऱ्याला स्वतःच कागद दाखवला, चष्मा वर करून. मी म्हटलं, तिथे नाही जमलं तर परत या. मग चूक सुधारली — तुम्हाला वाटलं तर या. अण्णा हसले. पोचल्यावर फोन करतो म्हणाले आणि आत गेले. काच होती, पलीकडे बराच वेळ दिसत होते. वळून बघितलं नाही. कंडक्टर मागे बघत नाही का? उलट तो तर सारखा मागेच बघतो! हे मला आत्ता लिहिताना सुचतंय, तेव्हा सुचलं असतं तर ओरडून सांगितलं असतं.

घर नुसतं खायला उठलंय. टीव्ही लावला, मोठ्या आवाजात. शेजारणीने दार वाजवलं तर वाजवू दे.

१९ तारीख, संध्याकाळ

साडेचारपर्यंत फोन नाही. शेवटी मीच धाकट्याला लावला. पोचले का? "कोण? अण्णा? आले? इथे कोणीच आलं नाही, ताई!" तेवढ्यात ड्रायव्हरकाकांच्या नंबरवरून फोन, आणि आवाज अण्णांचा. "पोचलो. त्याच्याकडे नाही गेलो. ड्रायव्हरच्या घराची वरची खोली घेतलीय. भाड्याने, माझ्या पेन्शनीतून, माझ्या नावावर. दोन महिन्यांपूर्वीच ठरलं होतं." मी ओरडले, एवढं सगळं ठरवलंत आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीत! ओरडले आणि माझंच मला ऐकू आलं. अण्णा म्हणाले, "ये ना तू राहायला. दुसरी खाट आणून ठेवतो. फक्त तिकीट काढायच्या आधी मला विचार."